रोग जाळणारं चाक

कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, हिरवळीवर साठ-सत्तर माणसं हिवाळ्याच्या उन्हाला पाठ करून बसली होती आणि शेंगा सोलता सोलता एकमेकांशी ओळख करून घेत होती. चंदीगडात ओळख सांगायची एक रीत आहे. आधी निवृत्तीच्या वेळचा हुद्दा, मग सेक्टर. इथे तिसरी भर पडली होती ती आजाराची.

"मल्होत्रा. रिटायर्ड जॉइंट डायरेक्टर. सेक्टर अठारा. दोनों घुटने."

"गिल. सुपरिंटेंडिंग इंजिनिअर था जी. सेक्टर तैंतीस. शुगर, बीपी, और अब सांस भी."

हुद्दा मोठ्यानं सांगितला जाई, आजार हळू आवाजात. एवढ्यात खालून बेसमेंटमधून घंटा वाजली आणि सगळे आजी-माजी साहेब, दुखऱ्या गुडघ्यांसकट, जागा पकडायला जिन्याकडे धावले. आसावरी सबनीस आईवडिलांच्या मागून उतरली. ती पहिल्यांदाच आली होती आणि मनातून चांगलीच घाबरलेली होती.

खाली जाड पडदे ओढलेले. मधोमध पितळी पत्र्यानं मढवलेलं, परातीएवढं एक चाक उभ्या घोडीवर बसवलेलं. चाकाला मूठ. घोडीवर कमानीत सात दिवे, शरीरातल्या सात चक्रांचे म्हणून सात रंगांचे. आणि बाजूच्या आसनावर प्राणेशजी. हे काही जटाधारी बुवा नव्हते. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, बिनफ्रेमचा चष्मा, गळ्यात लांब माळ, कानामागून तोंडापाशी आलेला माइक. लिंबू, टाचण्या, अंगारा वगैरे गावंढळ सामानाला त्यांच्याकडे थारा नव्हता. ते 'बायो-व्होल्टेज' म्हणत, 'सेल-मेमरी' म्हणत, आणि दर तिसऱ्या वाक्याला 'रिसर्च कहती है' म्हणत. कुठली रिसर्च, हे विचारायला लाज वाटावी इतक्या सहजपणे म्हणत.

"मानिए मत," त्यांनी सुरुवात केली. "मैं हाथ जोड़ता हूँ, मानिए मत. जाँचिए! चाक घुमाइए. बीमार का हाथ भारी होता है, और उसका रोग इन दीपकों में जलता है. जितना रोग, उतने दीपक. बैठक दर बैठक दीपक बुझेंगे, हाथ हल्का होगा. और जिस दिन सातों बुझ गए, उस दिन दवाई को भी नमस्कार!"

गिलसाहेब पुढे झाले. मूठ धरली, फिरवली. सातही दिवे झगझगीत पेटले आणि गिलसाहेबांच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला. "तेज, तेज! रुकना नहीं, धीमा नहीं करना!" प्राणेशजी माळेवरून बोटं फिरवत म्हणाले. त्यांच्यानंतर मल्होत्रासाहेबांच्या पत्नी आल्या. त्यांची ही पाचवी बैठक. दोनच दिवे लागले, आणि सत्तरीच्या त्या बाईंनी चाक भिंगरीसारखं फिरवलं. लोकांनी तोंडात बोटं घातली. कुणीतरी हुंदका दिला.

आसावरी इथे आली ती गुरुवारच्या एका फोनमुळे. ती आयटी पार्कमधल्या एका लहानशा कंपनीत होती आणि आई तिला कामाच्या वेळेत सहसा फोन करत नसे.

"आसावरी, जरा बाहेर येऊन बोल," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "तुझे अप्पा रविवारपासून गोळी सोडणार म्हणतायत."

"कुठली गोळी?"

"अगं, ती झडपेची."

अप्पांच्या हृदयात धातूची झडप होती. तिच्यावर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची होती. गोळी थांबली तर गाठ होणार, सुटली तर थेट मेंदूत जाणार. हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच. पण त्याहून जास्त वेळा अप्पांनीच मिरजेच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना कागदावर चित्र काढून समजावलं होतं.

आणि हे अप्पा म्हणजे कोण, तर श्रीराम सबनीस! सेक्टर तीसमध्ये सरकारी प्रयोगशाळेत आयुष्यभर भिंगं घासलेला माणूस. घरात कधी मुहूर्त बघितला नाही, पोरीची पत्रिका केली नाही. गणपतीच्या आरतीला उभे राहत ते मोदकांवर डोळा ठेवून. असा माणूस चाकाला भुलला कसा? तर त्याला कुणी 'मानिए' म्हटलं नाही म्हणून. प्राणेशजींनी त्याला 'जाँचिए' म्हटलं, आणि जन्मभर जे केलं तेच करा म्हटल्यावर अप्पा विरघळले. त्यांनी बॅटरी घेतली, भिंग घेतलं, सतरंजीवर आडवे झाले, घोडी उलटीपालटी केली. शेवटी अख्खं चाक उचलून हिरवळीवर नेऊन ठेवायला लावलं. तार नाही, प्लग नाही, सेल नाही. हिरवळीवरही दिवे लागले. तेव्हा अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "इसमें बिजली कहीं से नहीं आती."

झालं. तेव्हापासून प्राणेशजी प्रत्येक बैठकीत "सबनीस साहब, साइंटिस्ट, सेक्टर तीस" असा उच्चार करू लागले. अप्पांच्या शब्दावर तीन-चार मराठी घरंही यायला लागली. त्यांतलं एक जगतापांचं. जगताप हवाई दलातून निवृत्त होऊन इथेच राहिलेले, शिस्तीचे, इन्सुलिन घड्याळ लावून घेणारे.

गुरुवारी संध्याकाळीच आसावरी माहेरी धडकली होती.

"अप्पा, तो डायनॅमो आहे हो. सायकलचा असतो तसा. मोठा."

"ते मला कळत नाही असं वाटतं तुला?" अप्पा चिडले. "फिरवलं की दिवा लागणार, त्यात कसलं नवल! पण चाक जड का होतं? तेच चाक, तोच माझा हात. पहिल्या बैठकीला मला फिरवेना. आता एका बोटानं फिरतं. अडवायला काहीतरी जोर लागेल ना? तो जोर द्यायला आत वीज कुठाय? मी बघितलंय, आसावरी. तू न बघता बोलतेयस."

याला तिच्याजवळ उत्तर होतं, पण अप्पांना नको होतं. शिवाय न बघता बोलतेयस हे खरंच होतं. म्हणून ती रविवारी आली.

"कोई नया साथी?" प्राणेशजींनी विचारलं, आणि आसावरीनं हात वर केला.

प्राणेशजींनी तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "स्क्रीन की थकान. नींद कम. मन में किसी अपने की चिंता." हे निदान चंदीगडातल्या कुठल्याही नोकरदार बाईला लागू पडलं असतं, पण मागे चार जणींनी मान डोलावली.

आसावरीनं मूठ धरली आणि फिरवली. चाक खरोखर जड होतं. सात दिवे पेटले. पण त्या जडपणाची जात तिच्या तळहाताला ओळखीची होती. गंजलेलं चाक जड असतं ते सुरुवातीलाच. हे सुरुवातीला हलकं होतं आणि वेग वाढेल तसं अंगावर येत होतं. शिवाय आत, अगदी बारीक, चुंबकांचे ठोके लागत होते. गेली काही वर्षं ती नोकरीत हेच करत होती. ई-रिक्षाला उतारावर आवर घालायचा, मोटरचाच ब्रेक करायचा आणि वाया जाणारी ताकद परत बॅटरीत भरायची. ही तर विजेच्या स्कूटरच्या मागच्या चाकातली मोटर! वर पितळ ठोकलेलं, एवढंच.

तिनं मुद्दाम हात हळू केला. दिवे मंदावले, मग विझले. चाक लोण्यासारखं फिरायला लागलं.

"धीमा नहीं, बेटा! तेज!"

"पर जी, धीरे घुमाया तो मैं ठीक हो गई," आसावरी म्हणाली.

दोघं-तिघं हसले. पण प्राणेशजी मुरलेले होते. "धीमे में रोग सो जाता है," ते शांतपणे म्हणाले. "तेज में जागता है. रिसर्च कहती है." आणि गंमत बघा, साठ-सत्तर सुशिक्षित माना एकदम डोलल्या. एका निवृत्त प्राचार्यांनी तर 'सो जाता है' हे शेजाऱ्याला इंग्रजीत करून सांगितलं.

आसावरी तिथेच उभी राहिली. अप्पा आता उठले होते, कारण पुढची पाळी त्यांची होती. सातवी बैठक, मुक्तीची. त्यांनी स्वेटर नीट केला. तोंडावरचा आनंद लपत नव्हता.

"चल, बाजूला हो," ते मराठीत पुटपुटले. "तमाशा करू नकोस."

"अप्पा, एकच विचारते. मग मी गप्प बसते."

"काय?"

"वीज कुठून येते, हे तुम्ही शोधलंत. ती जाते कुठे, ते पाहिलंत?"

"दिव्यांत जाते."

"आणि दिवे नसले तर?"

अप्पांनी दिव्यांकडे पाहिलं.

"आमच्या रिक्षांचं सांगते," आसावरी घाईघाईनं म्हणाली. "मोटर ब्रेकसारखी धरते ती का, तर चाकाची ताकद वीज होऊन बॅटरीत जाते म्हणून. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असली ना, तर वीज जायला जागाच नसते. मग तीच रिक्षा त्याच उतारावर मोकळी सुटते. पहिल्यांदा आमच्या ड्रायव्हरची बोबडी वळली होती. अडवायला वीज लागत नाही हो, अप्पा. वीज काढून घेतली की चाक आपोआप अडतं. हे सात दिवे तुमच्याच हातातून ओढून घेतायत. दिवे विझले म्हणून चाक हलकं होतं. तुम्ही ते उलटं वाचलंत."

"क्या बात हो रही है?" प्राणेशजींनी हसतमुखानं विचारलं. "हमें भी बताइए."

अप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांच्या कपाळाला उभी आठी पडली होती. ही आठी आसावरीनं लहानपणी पाहिली होती. प्रयोगशाळेत एखादं भिंग ओरखडलं गेलं की अप्पा घरी असे दिसत. क्षणभर तिला वाटलं, आता हे माझ्यावर ओरडणार. पण अप्पा वळले ते गिलसाहेबांकडे.

"गिल साहब, ज़रा आइए. चाक घुमाइए. पूरा ज़ोर, और आँखें बंद."

"मेरी तो हो गई जी आज की."

"फिर से. साइंस के लिए."

विज्ञानासाठी म्हटल्यावर निवृत्त सुपरिंटेंडिंग इंजिनिअरला नाही म्हणवेना. गिलसाहेबांनी डोळे मिटले, मूठ धरली, दात-ओठ खात चाक फिरवलं. सात दिवे भडकले. अप्पांनी खिशातला रुमाल हाताला गुंडाळला आणि पहिला दिवा पिळून काढला.

"सबनीस साहब, यह क्या—" प्राणेशजी अर्धे उठले.

"जाँच रहा हूँ," अप्पा म्हणाले. दुसरा काढला, तिसरा काढला.

"हल्का हुआ," गिलसाहेब डोळे मिटून म्हणाले. "और हल्का. ओए, यह क्या कृपा हो रही है!"

शेवटचा दिवा निघाला आणि चाक गरगरलं. गिलसाहेब तोल जाऊन पुढे आले. "मैं ठीक हो गया! ओए, सांस भी खुल गई!"

अप्पांनी एकेक करून चार दिवे परत बसवले.

"ओए," गिलसाहेबांचा आवाज उतरला. "फिर बीमार."

आता मात्र हसू पसरलं, पण सगळीकडे नाही. पुढच्या रांगेतले लोक हसत नव्हते. बैठकांमागून बैठका दिवे विझताना पाहून त्यांनी खूप काही मनाशी धरलं होतं, आणि ते असं पिळून काढता येतं हे पचवायला जड होतं.

"इन्होंने यंत्र की मर्यादा भंग की है," प्राणेशजी म्हणाले. माइक कुरकुरला. "अब यह शुद्ध होने तक—"

"एक जाँच बाकी है," अप्पा म्हणाले. "मेरे दीपक तो कभी किसी ने हाथ से नहीं निकाले. फिर वे हर हफ़्ते बुझे कैसे? आप वह माला उतारकर सामने रखिए. फिर मैं घुमाता हूँ."

माळेतल्या मोठ्या मण्यावर प्राणेशजींचं बोट प्रत्येक वेळी थांबतं, हे आसावरीनं पाहिलं होतं. अप्पांनीही पाहिलं होतं, फक्त त्याचा अर्थ आता लागला.

"यह गुरु का प्रसाद है. उतरती नहीं."

"आपका ऑपरेशन हो, तब भी नहीं उतरती?" मागून मल्होत्रासाहेबांनी विचारलं. जॉइंट डायरेक्टरांना चौकशी करायची जुनी सवय होती.

प्राणेशजींनी डोळे मिटून ध्यान लावलं. मग ध्यानातच उठले, ध्यानातच जिना चढले. वरून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा माइक अजून चालू होता आणि बेसमेंटमधल्या सगळ्यांनी ऐकलं, "गेट खोल, गेट! जल्दी!"

मागे राहिलेल्या चाकाचा पत्रा आसावरीनं उचकटला. आत स्कूटरची मोटर निघाली. तिच्याशेजारी रिमोटच्या बटणाला उत्तर देणारी, सर्किटची एक चिमुकली पट्टी होती. मण्यातलं बटण दाबलं की ही पट्टी एकेक दिवा तोडायची किंवा जोडायची. पट्टीला सेल नव्हता, कारण तिलाही वीज चाक फिरवणाराच पुरवत होता. अप्पांच्या भिंगाला सेल सापडला नाही यात नवल नव्हतं. आसावरीनं हे सगळं लोकांना हिंदीत समजावलं. ते सगळ्यांना समजलं. तरी एका बाईंनी हळूच विचारलंच, "पर बेटा, मेरी माइग्रेन तो सच में कम हुई थी?"

"हर रविवार धूप में बैठकर मूंगफली खाई, आंटी, चार लोगों से बात की," आसावरी म्हणाली. "वह तो मुफ़्त में भी हो सकता है."

मीनाक्षीबाई इतका वेळ भिंतीशी बसून होत्या. त्या उठून अप्पांजवळ आल्या. "संध्याकाळची गोळी?" त्यांनी फक्त एवढंच विचारलं. "घेणार," अप्पा म्हणाले, आणि आसावरीला वाटलं, संपलं, सुटलो.

तेवढ्यात मागच्या रांगेतून विमलताई जगताप पुढे आल्या. त्या एकट्याच आल्या होत्या. हातात पर्स घट्ट धरलेली.

"मग आमच्या ह्यांचं काय, सबनीससाहेब?" त्या म्हणाल्या. "ह्यांचे सातही दिवे चारच बैठकांत, मागच्या रविवारी, विझले. त्या दिवसापासून इन्सुलिन बंद. कालपासून उलट्या चालल्यात. सकाळी प्राणेशजींना फोन केला, तर म्हणाले, रोग बाहेर पडतोय, घाबरू नका. तेच समोर विचारायला आले होते मी."

अप्पांच्या हातातला दिवा खाली पडला. तो फुटला तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

आसावरीनं गाडीची किल्ली काढली. जगताप घरी सोफ्यावर ग्लानीत पडले होते. श्वास खोल, भराभर, आणि तोंडाला कुजक्या फळासारखा वास. त्यांना उचलून गाडीत घालताना अप्पांना धाप लागली, तरी ते बाजूला झाले नाहीत. रुग्णालयात तातडीच्या विभागात ड्यूटीवर एक तरुण मराठी डॉक्टर होती, परभणीकडची. तिनं साखर बघितली, सलाइन लावली, इन्सुलिन सुरू केलं, आणि मग बाहेर येऊन स्पष्ट विचारलं, "इन्सुलिन कुणी बंद करायला सांगितलं?"

विमलताई पर्समधून जुने कागद काढू लागल्या. त्या अप्पांकडे पाहतही नव्हत्या, आणि तेच आसावरीला जास्त लागलं.

"सांगितलं एका भोंदूनं," अप्पा म्हणाले. "पण त्याच्यावर भरवसा ठेवा, हे मी सांगितलं."

"संध्याकाळी आणलं असतं तर मी काही करू शकले नसते," डॉक्टर म्हणाली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जगताप शुद्धीवर आले. आसावरी अप्पांना घेऊन भेटायला गेली तेव्हा ते उशीला टेकून बसले होते, गाल आत गेलेले, पण दाढी केलेली. चाकाची हकीगत त्यांना विमलताईंनी सांगितली होती. अप्पा स्टुलावर बसले. प्रयोगशाळेत चूक झाली तर काच फुटे. आपल्या चुकीपायी माणूस पलंगावर पडलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"जगताप, मी म्हटलं होतं यात वीज कुठून येत नाही. ते खरं होतं," ते म्हणाले. "तुम्हीच घालत होता. मला एक गोष्ट समजली नव्हती. मला समजली नाही, एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी समजल्यासारखं बोललो."

जगताप उशीवरून जरा सरळ झाले.

"मी तीस वर्षं विमानं तपासली, सबनीससाहेब," ते म्हणाले. "दुसऱ्यानं सही केली असली तरी स्वतः बघितल्याशिवाय एक विमान सोडलं नाही. इथे मात्र तुम्ही तपासलंत म्हणालात, म्हणून मी तपासलं नाही."

अप्पांनी त्यांचा हात हातात घेतला. सलाइनची नळी सांभाळून घेतला.

"यापुढे मी सांगितलं तरी तपासा," ते म्हणाले. "मी सांगितलं तर आधी तपासा."